पवनचक्कीचें पातें : आकार, घडण आणि उपयोग

वाऱ्याचें साह्य शेतकऱ्यास नवें नाहीं. खळ्यावर धान्य उपणतांना वारा पडला म्हणजे हात थांबतात, आणि अवेळीं वारा सुटला तर रात्रींही सूप हातीं घ्यावें लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच वाऱ्याकडून चाक फिरवून घेऊन विहिरीचें पाणी वर आणणें, अगर वीज उत्पन्न करणें, ही गोष्ट आमच्या भागांतील पुष्कळांच्या ऐकण्यांतली आहे, वापरण्यांतली नाहीं. जाम येथें नागपूर-हैदराबाद हमरस्त्यास चंद्रपूरकडील रस्ता मिळतो. त्या नाक्यावरून पवनचक्कीचें एकच पातें लादलेली अतिशय लांब गाडी कधीं कधीं जातांना दिसते. ती पाहून लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, हें पातें इतकें लांब, निमुळतें आणि पिळलेलें कां असावें? दुसरा, असली एखादी लहानशी चक्की आपल्या विहिरीवर बसविली तर विजेची वाट पाहण्याचें संकट टळेल काय?

पहिला प्रश्न नुसत्या कुतूहलाचा आहे. दुसऱ्यांत मात्र गांठचा पैसा, आणि पुष्कळदां कर्जाचा पैसा, गुंतण्याचा संभव असतो. आमचें म्हणणें असें कीं, पहिल्याचें उत्तर नीट समजल्यावांचून दुसऱ्याचें देतां येत नाहीं. पात्याचा आकार कारागिराच्या लहरीनें ठरत नाहीं. त्याच्याकडून कोणतें काम घ्यावयाचें, आणि त्या ठिकाणीं वारा किती, ह्या दोन गोष्टींनीं तो ठरतो. हें कसें, तें क्रमानें पाहूं.

वाऱ्यांत बळ किती

वारा म्हणजे चालती हवा. हवेस वजन आहे. एक घनमीटर हवा सुमारें १.२ किलो भरते. चालत्या हवेंतील बळ दोन गोष्टींवर अवलंबून असतें. एक, चाक किती जागा व्यापतें. व्यास दुप्पट केला तर व्यापलेलें क्षेत्र चौपट होतें, आणि बळही चौपट मिळतें. दुसरी, वाऱ्याचा वेग. आणि येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. वेग दुप्पट झाला तर बळ दुप्पट होत नाहीं, आठपट होतें. कारण तेवढ्याच वेळांत चाकापाशीं दुप्पट हवा येते, आणि तिच्या प्रत्येक किलोंतील बळ चौपट झालेलें असतें. दुपटीची चौपट म्हणजे आठपट.

आंकड्यांत सांगावयाचें तर, सेकंदास ३ मीटर वेगाच्या, म्हणजे झाडाचीं पानें नुसतीं सळसळविणाऱ्या वाऱ्यांत दर चौरस मीटरास सुमारें १६ वॅट बळ असतें. सेकंदास ६ मीटर वेगाच्या, म्हणजे धूळ व कागद उडविणाऱ्या वाऱ्यांत तेंच सुमारें १३० वॅट होतें. शेजारच्या दोन मुलखांत वाऱ्याचा फरक थोडा वाटला तरी चक्कीच्या उत्पन्नांत तो मोठा पडतो, तो ह्या हिशेबामुळें.

हें सर्व बळ कोणत्याही चाकास काढून घेतां येत नाहीं. पाटाचें पाणी पुढें वाहून गेलें तरच मागचें पाणी येतें. पुढचें तोंड बुजविलें तर पाट तुंबतो. तसेंच चाकानें वाऱ्याचें सारें बळ हिरावलें तर पलीकडची हवा जागींच उभी राहील, आणि नव्या हवेस वाट मिळणार नाहीं. जर्मनीतील आल्बर्ट बेट्झ ह्या शास्त्रज्ञानें १९१९ सालीं हिशेब करून दाखविलें कीं, उत्तमांत उत्तम चाकासही वाऱ्यांतील बळाच्या २७ हिश्शांपैकीं १६ हिस्से, म्हणजे शेंकडा ५९ हून थोडे अधिक, एवढेंच घेतां येईल. त्यापुढें जाणें कोणाही कारागिरास शक्य नाहीं. पात्याची सारी सुधारणा म्हणजे ह्या मर्यादेच्या जवळ जाण्याची खटपट होय. आजचीं चांगलीं यंत्रें चाकाच्या आंसावर शेंकडा ४५ ते ५० पर्यंत पोंचतात.

ढकल व उचल

अतिप्राचीन चक्क्या इराण व अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सिस्तान प्रांतांत होत्या. त्यांचा आंस उभा असे, व त्याभोंवतीं बोरूच्या तट्ट्यांचीं पातीं लावलेलीं असत. वारा तट्ट्यास मागून ढकली व चाक फिरे. परत येणाऱ्या बाजूस वारा अडवूं नये म्हणून त्या बाजूनें भिंत घालीत. ह्या रीतींत पातें वाऱ्यापुढें पळतें, म्हणून तें वाऱ्याहून वेगानें कधींच फिरूं शकत नाहीं, आणि वाऱ्याचें बरेंच बळ वायां जातें.

युरोपांत बाराव्या शतकांत निराळी रीत निघाली. आंस आडवा ठेवून चार शिडें वाऱ्याच्या समोर, पण किंचित् तिरपीं बसवूं लागले. असें शीड वाऱ्याबरोबर पळत नाहीं. वाऱ्यास आडवें जातें. चालत्या मोटारीच्या खिडकींतून तळहात बाहेर काढून किंचित् तिरपा धरला म्हणजे तो आपोआप वर उचलला जातो, हें सर्वांनीं अनुभविलें असेल. ह्या जोरास आपण उचल म्हणूं. ढकलीपेक्षां उचल फार गुणकारी आहे, कारण उचलीवर चालणारें पातें वाऱ्याच्या कितीतरी पट वेगानें फिरूं शकतें.

मात्र तिरपेपणाचें माप नेमकें साधावें लागतें. वखराची पास फार उभी बसली तर जमिनींत रुतून बैल अडतात, आणि फार सपाट बसली तर ती वरच्यावर घसरत जाते. पात्याचेंही तसेंच आहे. जॉन स्मीटन ह्या इंग्रज यंत्रज्ञानें लहान नमुना करून पुष्कळ प्रयोग केले, व त्यांचें फळ १७५९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. शीड सर्वत्र सारखें तिरपें न ठेवतां आंसाजवळ सुमारें १८ अंश आणि टोकाशीं सुमारें ७ अंश ठेवावें, असें त्यांत सांगितलें आहे. पात्यास जो पीळ दिसतो त्याचें मूळ हेंच.

हा पीळ कां लागतो, हें खळ्यावरून चटकन् कळेल. मळणीयंत्रें येण्यापूर्वीं तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरत असे. तिवड्याजवळचा बैल हळू पावलें टाकी, आणि कडेच्या बैलास झपाट्यानें चालावें लागे. फेरा मात्र दोघांचा एकदमच पुरा होई. पात्याचें मूळ म्हणजे तिवड्याजवळचा बैल, आणि टोंक म्हणजे कडेचा. टोंक स्वतःच इतक्या वेगानें जात असतें कीं त्यास वारा जवळजवळ समोरून आल्यासारखा लागतो. मुळास तो बाजूनें लागतो. म्हणून टोंक फिरण्याच्या दिशेस जवळजवळ सपाट, आणि मूळ वाऱ्याकडे वळलेलें ठेवितात. टोंक बारीक असतें तेंही ह्याच कारणानें : जो भाग वेगानें जातो त्यास तेंच काम करावयास कमी रुंदी पुरते.

पाणी उपसणारें चाक

अमेरिकेंतील कुरणांत गुरांस पाणी पाजण्याकरितां वाऱ्याचा पंप निघाला. डॅनिएल हॅलडे यानें १८५४ सालीं कनेक्टिकट संस्थानांत असें चाक केलें कीं, वादळ आलें असतां तें माणसाच्या मदतीवांचून आपलें तोंड आवरून घेई. त्याचीं पातीं लांकडी फळ्यांचीं होतीं. पुढें १८८२-८३ सालीं टॉमस पेरी यानें पांच हजारांवर प्रयोग करून दाखविलें कीं, सपाट फळीपेक्षां बांक दिलेला पातळ पत्रा पुष्कळ अधिक काम देतो. त्या धर्तीचीं लोखंडी चाकें १८८८ पासून शिकागोंतून विकलीं जाऊं लागलीं, आणि तो नमुना आजतागायत फारसा बदललेला नाहीं.

ह्या चाकास बारा, अठरा अगर त्याहूनही अधिक पातीं असतात. कारण उघड आहे. विहिरींतील पाण्याचा सारा स्तंभ पंपाच्या दांड्यावर लटकलेला असतो, आणि तो पहिल्यांदा उचलावयास पुष्कळ जोर लागतो. मंद वाऱ्यांतही चाक हालावें म्हणून पातीं दाट बसवितात. असें चाक जोराचें पण संथ असतें. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाइतका किंवा त्याहून थोडा अधिक असतो. बैल आणि घोडा यांत जो भेद, तोच ह्या चाकांत आणि विजेच्या चाकांत आहे.

आपल्या देशांत ह्या कामास १९६० नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनें हात घातला, व पाणी उपसणाऱ्या चक्कीचा एक देशी नमुना तयार केला. पुढें सरकारी योजनेंतून ‘१२ पीयू ५००’ नांवाची चक्की पुष्कळ ठिकाणीं बसविली गेली. नांवांतच तिचें वर्णन आहे : पातीं १२, काम पंपाचें, आणि व्यास ५०० सेंटिमीटर. तिचा हिशेब पुढें येईल.

विजेचें चाक

विजेचें जनित्र संथ फिरून चालत नाहीं. त्यास वेग लागतो. हें प्रथम कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. स्कॉटलंडांत जेम्स ब्लाइथ यानें १८८७ सालीं कापडी शिडांच्या, उभ्या आंसाच्या चक्कीनें वीज काढून आपलें घर उजळलें. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें चार्ल्स ब्रश यानें १८८८ च्या सुमारास १७ मीटर व्यासाचें, १४४ लांकडी पात्यांचें प्रचंड चाक उभारलें. त्यापासून अवघी १२ किलोवॅट वीज मिळे. हीं दोन्ही कामें जुन्या पद्धतीच्या चाकांवरच आधारलेलीं होतीं.

खरा मार्ग डेन्मार्कमधील पोल ला कूर ह्या शिक्षकानें दाखविला. अस्कोव्ह येथील लोकशाळेंत त्यानें १८९१ पासून प्रयोग केले. नियंत्रित हवेचा झोत सोडणारी पेटी करून तींत निरनिराळ्या आकारांचीं पातीं तपासलीं. विजेकरितां थोडीं, अरुंद व वेगानें फिरणारीं पातीं बरीं, असें त्यास आढळून आलें. चार पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंतून सारा वारा निसटून जाईल, असें पाहणारास वाटतें. परंतु पातें इतक्या वेगानें येतें कीं, मधली हवा पार होण्यापूर्वींच तें तेथें पोंचतें. वेगवान् चाकास पातीं दाट केलीं तर तीं एकमेकांचीच हवा नासवितात.

पुढें विमानें आलीं, आणि पंखाच्या छेदाची विद्या वाढली. पुढची कड गोलसर, मागची धारेसारखी बारीक, आणि पाठीस फुगवटी, असा माशासारखा छेद उचल पुष्कळ देतो व अडथळा थोडा करतो. तो छेद पवनचक्कीच्या पात्यांत उतरला. आज पात्याचें टोंक वाऱ्याच्या सहा ते आठपट वेगानें फिरतें, तें ह्या छेदाच्या आणि पिळाच्या जोरावर.

वजनाचा प्रश्न

आकार साधला तेव्हां मजबुतीची अडचण पुढें आली. पातें दुप्पट लांब केलें तर बळ चौपट मिळतें. पण लांबी, रुंदी व जाडी तिन्ही दुप्पट झाल्यानें वजन आठपट होतें. उत्पन्नापेक्षां ओझें वेगानें वाढतें. अमेरिकेंत व्हर्मांट संस्थानांतील एका टेंकडीवर पामर पुटनम यानें १९४१ सालीं १,२५० किलोवॅटची चक्की उभारली. तिचें चाक ५३ मीटर व्यासाचें असून त्यास पोलादाचीं दोन पातीं होतीं. महायुद्धाच्या धामधुमींत पात्याच्या मुळाजवळील कमजोर जागा दुरुस्त करतां आली नाहीं, आणि २६ मार्च १९४५ रोजीं एक पातें मोडून पडलें. ती चक्की पुन्हां चालली नाहीं.

नुसत्या ओझ्यानें पातें मोडत नाहीं. वारंवार वांकण्यानें मोडतें. तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं, पण मागें-पुढें हालवीत राहिलें तर तुटते. प्रत्येक फेऱ्यांत पातें वर जातांना स्वतःच्या वजनानें एका अंगास ताणलें जातें, आणि खालीं येतांना दुसऱ्या. मिनिटास ११ फेरे आणि वर्षास ६,००० तास काम धरलें, तर वीस वर्षांत सुमारें आठ कोटी फेरे होतात.

ह्यावर दोन उपाय १९५७ सालीं दोन ठिकाणीं निघाले. डेन्मार्कमधील गेसर येथें योहान्नेस यूल यानें २०० किलोवॅटची, २४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची चक्की बांधली; ती दहा वर्षें फारशा दुरुस्तीवांचून चालली. त्याच वर्षीं जर्मनींत उल्रिख ह्यूटर यानें ३४ मीटर व्यासाच्या चाकास कांचेच्या तंतूंचीं व राळेचीं हलकीं पातीं लाविलीं. यूलचें तीन पात्यांचें चाक आणि ह्यूटरचा कांचतंतु, ह्या दोहोंचा संयोग १९७३ च्या तेलटंचाईनंतर डेन्मार्कांत झाला, आणि आजची पवनचक्की त्यांतून जन्मास आली. मध्यंतरीं जर्मनींत १९८३ सालीं १०० मीटर व्यासाची दोन पात्यांची ‘ग्रोवियान’ चक्की उभारून पाहिली, पण ती थोड्याच वर्षांत बंद करावी लागली. एका पात्याचा खर्च वांचतो खरा. परंतु दोन पात्यांचें चाक मनोऱ्यावर हिसके देतें, तीन पात्यांचें समतोल फिरतें.

आजचें पातें आंतून पोकळ असतें. वेळूची काठी भरीव नसूनही किती भार सोसते, हें शेतकऱ्यास ठाऊकच आहे. तोच न्याय येथें आहे. सांच्यांत कांचतंतूचें कापड थरावर थर घालून, आंतील हवा शोषून घेऊन, त्यांत पातळ राळ मुरवितात. अशा दोन शिंपा करून त्या आंतील उभ्या कण्यासह एकमेकींस चिकटवितात. जेथें जाडी हवी पण वजन नको, तेथें बाल्सा नांवाचें अतिशय हलकें लांकूड अगर फेसासारखा कृत्रिम पदार्थ घालतात. फार लांब पात्यांच्या कण्यांत कोळशाच्या तंतूंचा उपयोग करितात. ते महाग पण अधिक ताठ असतात. २०१९ सालीं फ्रान्समधील शेर्बूर येथें समुद्रांतील चक्कीकरितां १०७ मीटर लांबीचें पातें तयार झालें.

एवढी विद्या वाढूनही काळजी सुटत नाहीं. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सुझलॉन कंपनीनें अमेरिकेस पाठविलेल्या कांहीं पात्यांस तडे गेल्याचें आढळून आल्यावर, २००८ सालीं तिला १,२५१ पातीं मजबूत करण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. ज्या वाऱ्यांत पातें चालावयाचें त्या वाऱ्याचे हिसके आधीं मोजावे लागतात, हा धडा साऱ्या धंद्यानेंच अशा प्रसंगांतून घेतला आहे.

वादळ, पाऊस आणि वीज

वारा हवा तसा अतिवारा नको. सेकंदास २४ मीटर वाऱ्यांत १२ मीटरांच्या आठपट बळ असतें. तें सारें अंगावर घेतलें तर चाक फुटेल. यूलच्या चक्कींत पातें घट्ट बसविलेलें असून त्याचा तिरपेपणा असा ठेवला होता कीं, वारा फार वाढला म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटून जाई व उचल आपोआप कमी होई. शिवाय पात्याचीं टोंकें वळून ब्रेक लागत असे. हल्लींच्या मोठ्या चक्क्यांत अख्खें पातेंच मुळापाशीं वळतें. उपणतांना सूप वाऱ्याच्या समोर धरलें तर हातास झोंबतें, आणि त्याची कड वाऱ्याकडे केली तर ढळत नाहीं. तीच ही युक्ति.

सत्तर मीटर लांबीचें पातें मिनिटास ११ फेरे घेऊं लागलें म्हणजे त्याचें टोंक ताशीं सुमारें २९० किलोमीटर वेगानें जातें. त्या वेगास पावसाचा थेंबही खड्यासारखा लागतो, आणि पुढची कड झिजून खडबडीत होते, उत्पन्न घटतें. म्हणून कडेवर टणक लेप किंवा पट्टी चढवितात. आकाशांतील विजेसाठीं टोकापाशीं धातूची चकती बसवून आंतून तार जमिनीपर्यंत नेलेली असते.

आमच्या महाराष्ट्रांतील अनुभव

१९८६ सालीं आपल्या देशांत गुजरातेंतील ओखा, तामिळनाडूंतील तुतिकोरिन व आमचा कोंकण किनारा, अशा ठिकाणीं ५५ किलोवॅटच्या डॅनिश बनावटीच्या चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या चाकाचा व्यास १५ मीटरांच्या आसपास होता. पुढें सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांतील वनकुसवडेच्या पठारावर ३५० किलोवॅटचीं शेंकडों यंत्रें बसलीं. पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीच्या माथ्यावर जोरानें वाहतो, हें त्या जागेचें भांडवल. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील ब्राह्मणवेल हेंही असेंच प्रसिद्ध ठिकाण होय.

वनकुसवडेच्या यंत्राचा व्यास सुमारें ३३ मीटर. त्याच कंपनीच्या अलीकडील मोठ्या यंत्राचा व्यास १४४ मीटर असून शक्ति ३,००० किलोवॅटांहून अधिक आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जुन्या यंत्रांत दर किलोवॅटास अडीच चौरस मीटर क्षेत्र येत असे. नव्यांत पांच चौरस मीटरांहून अधिक येतें. जोराच्या वाऱ्याच्या जागा आधीं व्यापल्या गेल्या. आतां मध्यम वाऱ्याच्या जागांत काम घ्यावयाचें आहे. म्हणून तेवढ्याच शक्तीस दुप्पट विस्ताराचें चाक, आणि त्यास उंच मनोरा, असा बेत केलेला असतो. पातें लांब झालें त्याचें मुख्य कारण हें आहे. पात्यास वारा उत्पन्न करतां येत नाहीं. फार तर थोड्या वाऱ्यास मोठा पदर पसरतां येतो.

आमच्या विहिरीवर काय होईल

आतां दुसरा प्रश्न. वर्धा जिल्ह्यांत वारा सामान्यतः मंद ते मध्यम असतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत आणि पावसाळ्यांत तो वाढतो. हरभरा व गहूं यांस पाणी द्यावयाचे दिवस मात्र कार्तिकापासून माघापर्यंतचे, आणि तेव्हांच वारा पडलेला असतो. ज्या दिवसांत चक्की भरपूर फिरेल त्या दिवसांत वरून पाऊस पडत असतो. ही अडचण कोणत्याही पात्यानें दूर होणारी नाहीं.

हिशेब करून पाहूं. पांच मीटर व्यासाचें चाक सुमारें १९.६ चौरस मीटर जागा व्यापतें. सेकंदास ३ मीटर वाऱ्यांत त्या जागेंतून जाणारें बळ सुमारें ३२० वॅट. पाणी उपसणारें चाक त्याचा अंदाजें चौथा हिस्सा घेतें, म्हणजे ८० वॅट. हा एका अश्वशक्तीचा नववा भाग झाला. पाणी दहा मीटर उचलावयाचें असल्यास, पंपांतील घर्षण व गळती वजा जातां तासास दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळेल. एक एकरास पांच सेंटिमीटर खोल पाणी द्यावयाचें तर सुमारें दोन लक्ष लिटर लागतात. म्हणजे शंभर तास अखंड वारा पाहिजे. तीन अश्वशक्तीचा विजेचा पंप तेंच काम पांच-सहा तासांत उरकतो. उलटपक्षीं, वीस जनावरांस दिवसास हजार लिटरांच्या आसपास पाणी लागतें. तेवढें ही चक्की अर्ध्या तासाच्या वाऱ्यांत देईल. सारांश, गोठ्याचें पाणी, घरचा वापर, टाकीवरील थोडी भाजी किंवा रोपें, एवढ्यास पुष्कळ पात्यांची चक्की उपयोगी पडूं शकेल. रब्बीच्या ओलितावर तिचा भरंवसा ठेवूं नये. त्या महिन्यांत आमच्याकडे ऊन स्वच्छ असतें, म्हणून ओलिताकरितां सूर्यशक्तीच्या पंपाचा विचार आधीं करावा हें बरें.

विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तीन पात्यांची सुबक लहान चक्की पाहून ती पाणी उपसावयास चांगली असेल असें समजूं नये. ती विजेची आहे, आणि मंद वाऱ्यांत ती ओझें घेऊन सुरूच होणार नाहीं. दुसरी, नकाशांतील वारा बहुधा शंभर मीटर अगर त्याहून अधिक उंचीवरचा असतो. विहिरीवरील दहा-बारा मीटर उंचीच्या चाकास, तेंही बाभळी व लिंबांच्या आड, त्याहून पुष्कळ कमी वारा मिळतो. म्हणून चाक ज्या उंचीवर बसावयाचें तेथें वेगमापक लावून निदान कार्तिक ते माघ हे महिने वारा मोजावा. तिसरी, विकणाऱ्यानें यंत्राची ‘शक्ति’ सांगितली तर ती किती वाऱ्यांत, हें विचारावें. बहुतेक वेळां ती सेकंदास दहा-बारा मीटर वाऱ्यांतली असते. सेकंदास तीन मीटर वाऱ्यांत, इतक्या खोलीवरून, तासास किती लिटर, एवढें एकच वाक्य त्याच्याकडून लिहून घ्यावें.

ज्या वाचकांची जमीन सातारा, सांगली, धुळें अशा वाऱ्याच्या मुलखांत आहे, त्यांस आणखी एक सूचना करणें जरूर वाटतें. आमचें आयुष्य महसुली कागद चाळण्यांत गेलें आहे. चक्कीकरितां जमीन पट्ट्यानें देतांना लोक मनोऱ्याच्या पायाएवढेंच क्षेत्र डोळ्यांपुढें ठेवतात. पातें मात्र मनोऱ्याभोंवतीं सत्तर मीटरपर्यंत फिरतें, आणि तें आणावयास व चढवावयास रुंद रस्ता व यारीस मोकळी जागा लागते. ह्या सर्वांचें क्षेत्र, मुदत व भरपाई करारांत आंकड्यांनीं लिहिलेली असावी, व हक्कांची नोंद सातबाऱ्यावर काय होणार तें सहीपूर्वीं पाहून घ्यावें.

पात्याचें आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचें धरितात. कांचतंतु व राळ एकदां घट्ट झाल्यावर वितळत नाहींत, कुजत नाहींत. जुनीं पातीं तुकडे करून पुरतात किंवा सिमेंटच्या भट्टींत जाळतात. राळ सोडवून तंतु परत काढतां येतील अशीं पातीं २०२१ पासून युरोपांत निघालीं आहेत, पण आपल्याकडील जुन्या यंत्रांचीं पातीं त्या जातीचीं नव्हेत. केंद्र सरकारनें २०१६ सालीं व पुन्हां २०२३ सालीं जुन्या चक्क्या काढून नव्या बसविण्याविषयीं धोरण जाहीर केलें असल्यामुळें हा प्रश्न लौकरच पुष्कळांच्या शेतांत येणार आहे. तेव्हां मुदत संपल्यावर मनोरा, पाया आणि पातीं कोणी, किती दिवसांत व कोणाच्या खर्चानें हालवावयाचीं, हें कलम करारांत नसेल तर तें घातल्यावांचून सही करूं नये.